पांढऱ्या पावडरचा २.६

पावडर पांढरी होती, रांगोळीसारखी पांढरीशुभ्र. ती ज्यात होती ती एपेनडॉर्फची इवलीशी प्लास्टिकची नळी खिडकीशी धरून मी दोनदा पाहिली. मग ती मोजायला आणणाऱ्या संशोधक मुलीच्या सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या सारांशाच्या, मसुद्यात वाचलं : टायटॅनियम डायऑक्साइड, बँड गॅप २.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. बँड गॅप म्हणजे पदार्थ प्रकाश शोषायला लागतो ती किमान ऊर्जा.

१२४० ला या ऊर्जेने भागलं की प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. २.६ ने भागा, ४७७ येतात. म्हणजे ४७७ नॅनोमीटरच्या आतला प्रकाश, सगळा जांभळा आणि बराचसा निळा, या पावडरने गिळायला हवा. मग ती पिवळी दिसली पाहिजे. टायटॅनियम डायऑक्साइड पांढरा दिसतो, कारण अॅनाटेजची, म्हणजे त्याच्या एका स्फटिकरूपाची, शोषण सुरू होण्याची धार ३.२ ला, ३८७ नॅनोमीटरच्या आसपास असते. डोळ्याला दिसणारा प्रकाश जवळजवळ तिथेच सुरू होतो.

मुलगी डोंबिवलीची. आमच्या लॅबच्या मशीनवरचा स्लॉट साडेदहाचा, कुर्ल्याला रुळांवर पाणी, ती पोचली पावणेएकला, ओढणी पिळत. अर्ध्या तासाहून उशीर झाला की स्लॉट रद्द, असा आमचा नियम आहे. मुंबईच्या जुलैत हा नियम ज्यांनी केला ते लोकलने येत नसावेत. मी तिला बसवून घेतलं.

"मॅडम, आकडा आहेच. फक्त रिफ्लेक्टन्सचा एक ग्राफ जोडायला सांगितलाय सरांनी." म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश पावडरवरून परततो त्याचा.

पावसाळ्यात हा "फक्त एक ग्राफ" अर्धा दिवस खातो. संदर्भाचं बेरियम सल्फेट ओव्हनमध्ये वाळवायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं, होल्डरमध्ये काचेने असं दाबायचं की पृष्ठभाग सपाट तर व्हावा पण चकाकू नये. चकाकला की आरशासारखा प्रकाश परततो आणि गणित बिघडतं. मशीन अतिनीलच्या ड्युटेरियम लॅम्पवरून दृश्य प्रकाशाच्या टंगस्टनवर जाताना ग्राफमध्ये बारीकशी पायरी पडते. ती ३५० च्या आसपास आली तर नेमकी अॅनाटेजच्या धारेला खेटून बसते, आणि मुलं तिलाच पीक, म्हणजे शिखर, समजून त्यावर परिच्छेद लिहितात. म्हणून मी हा बदल ३२० ला नेऊन ठेवते. हे कोणी विचारत नाही, पण मी दर वेळी करते.

ग्राफ आला. ८०० पासून ४२० पर्यंत रेघ वर, जवळजवळ सपाट, आणि मग कडा कोसळावा तशी खाली. परतलेल्या प्रकाशावरून शोषण काढणारं कुबेल्का-मुंक सूत्र लावलं, अॅनाटेजचं संक्रमण अप्रत्यक्ष म्हणून वर्गमूळ घेतलं, टॉक प्लॉटवर, म्हणजे ऊर्जेसमोर काढलेल्या आलेखावर, सरळ भाग खाली अक्षापर्यंत आणला. बँड गॅप ३.२.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "मग २.६ कुठून आलं?"

तिने मार्चची फाइल उघडली. पावडर पाण्यात ढवळून, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून), क्युवेटच्या पारदर्शक डबीत भरून घेतलेला साधा अॅब्सॉर्बन्स, म्हणजे आरपार न गेलेल्या प्रकाशाचं मोजमाप. लांब शेपटी, आणि ती ८०० लाही शून्यावर आलेली नाही. खूण तिथेच होती. मी तिला म्हटलं, "अगं, ग्लासभर दुधातून उजेड आरपार जातो का? नाही ना? पण म्हणून दूध प्रकाश शोषतं असं नाही. ते तो विखुरतं. डिटेक्टरपर्यंत पोचला नाही तेवढा सगळा प्रकाश मशीन शोषलेला धरतं." तिने त्या शेपटीवर रेघ ओढून २.६ काढला होता.

फाइलच्या नावात आमच्या लॅबचा कोड होता, आणि ऑपरेटर म्हणून माझी आद्याक्षरं. मार्चमध्ये तो ग्राफ मीच काढून दिला होता. शेपटी तेव्हाही दिसली असणार. "इंटरप्रिटेशन युजरचं, आपलं काम मोजणं," हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगतात. त्या वाक्यामागे मी वर्षानुवर्षं उभी राहिले आहे.

"पण मॅडम, एप्रिलमध्ये गच्चीवर उन्हात या पावडरने मिथिलिन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग खरंच उडाला होता." उडणारच. उन्हात तीन ते पाच टक्के अतिनील असतं, अॅनाटेजला तेवढं पुरतं. शिवाय मिथिलिन ब्लू स्वतःच ६६४ ला प्रकाश शोषून टायटॅनियम डायऑक्साइडला इलेक्ट्रॉन देऊ शकतो. दृश्य प्रकाशात काम होतं असं म्हणायचं तर ४२० च्या खालचा प्रकाश अडवणारा फिल्टर हवा, आणि फिनॉलसारखं बिनरंगी काहीतरी हवं. हे मी कागदावर लिहून दिलं. तिने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला.

"माझी तीन वर्षं गेली का?"

नाही, म्हटलं. चांगला, स्वच्छ अॅनाटेज केलाय तू, उन्हात काम करतो. फक्त प्रबंधाचं शीर्षक बदलावं लागेल. शीर्षक बदलणं तिच्या हातात नाही, हे मला बोलताना ठाऊक होतं.

पाच वाजता तिच्या गाइडचा फोन आला. गेल्या कित्येक वर्षांत ते मशीनसमोर उभे राहिलेले मी पाहिलेले नाहीत. "मॅडम, जरा पुन्हा एकदा रन करून बघा ना." मी म्हटलं, सर, तीनदा केलं. रिपोर्टवर ३.२ लिहिलंय, आणि मार्चच्या ग्राफवरही शेरा मारून सही केली आहे. पावडर इथेच आहे, येऊन फक्त रंग बघा.

नळी अजून डेसिकेटरमध्ये आहे. तिचं नाव मी ओल्या पेनाने लिहिलं होतं, ते थोडं पसरलंय.