जुन्या गाडीच्या टेपवर आपला प्लेयर

काकांच्या गाडीत कंपनीचाच रेडिओ-टेप आहे, ऑक्स (बाहेरून वायर जोडायचं भोक) नाही, यूएसबी नाही, अन् काका तो बदलू देत नाहीत. मग आपला खिशातला गाण्यांचा प्लेयर त्यावर वाजवायचा कसा? सगळे म्हणतात एफएम ट्रान्समीटर (प्लेयरची गाणी छोट्या रेडिओ स्टेशनसारखी गाडीच्या रेडिओकडं पाठवणारं यंत्र) घे, लायटरच्या सॉकेटात लाव, रिकामी फ्रिक्वेन्सी धर, झालं. पण संभाजीनगरात ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम पट्ट्यात रिकामी जागा शोधायची म्हणजे डोक्याला ताप, अन् एफएमचा स्वभावच असा की जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळतो, त्यामुळं सिडकोत भजन चालू असतं अन् मधीच साबणाची जाहिरात! बीडकडं निघालं, शहर मागं पडलं की मग मस्त वाजतं.

मला विचाराल तर टेप चालू असेल तर कॅसेट अडॅप्टरच घ्या. दिसायला कॅसेट, पण आत रीळ नाही, छोटं हेड (चुंबकीय सिग्नल देणारा-घेणारा भाग) असतं, ते गाडीच्या टेपच्या हेडला चिकटून चुंबकीय सिग्नल देतं, वायर प्लेयरच्या हेडफोनच्या भोकात. रेडिओ स्टेशनचा संबंधच नाही. प्लेयरचा आवाज मात्र बऱ्यापैकी चढता ठेवा, तो कमी अन् टेपचा फुल केला की नुसतं सूंऽऽ येतं. काका आता अडॅप्टर काढूच देईनात.