तुम्ही विचारलंत म्हणून: देलाक्रवा स्वतः लढला होता का?

मी चित्रकलेच्या इतिहासावर बोलते, आणि स्लाइडवर फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या चित्रातली ती झेंडा घेतलेली स्वातंत्र्यदेवता आली की कुणीतरी हमखास विचारतं, मॅडम, तो उंच टोपीवाला बंदूकधारी म्हणजे स्वतः चित्रकारच ना? म्हणजे तो लढला होता?

नाही लढला. आणि तो टोपीवाला तोच, याला काही पुरावाही नाही.

हे १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीचं चित्रही नाही, बरेच जण तसं समजून बसतात. हे जुलै १८३० चं. फ्रान्सच्या राजाने, दहाव्या चार्ल्सने, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी केली, नुकतंच निवडून आलेलं सभागृह बरखास्त केलं आणि पॅरिस पेटलं, २७ ते २९ जुलै असे तीन दिवस गल्लीबोळांत बॅरिकेड, म्हणजे लोकांनी रस्त्यात रचलेले अडथळे, शेवटी राजाला गादी सोडावी लागली. देलाक्रवा तेव्हा ३२ वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये तो भावाला पत्रात कळवतो की देशासाठी लढलो नाही, निदान चित्र तरी काढतो.

मला तो या पत्रामुळेच जवळचा वाटतो. न लढलेल्या माणसाच्या हातून नुसतं जयजयकाराचं चित्र सहज झालं असतं, पण तुम्ही जरा खाली बघा ना. डावीकडे एक प्रेत, अंगात फक्त शर्ट, तोही वर सरकलेला, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा. उजवीकडे राजाचे सैनिक मरून पडलेत, त्यांनाही त्याने तितक्याच मन लावून रंगवलंय. आणि देवता येतेय ती या सगळ्यांच्या वरूनच, पायाशी निळ्या सदऱ्यातला एक जखमी मजूर मान वर करून तिच्याकडे बघतोय. किंमत कुणी मोजली ते त्याने कुठेच लपवलेलं नाही.

नवा राजा लुई फिलिप, त्याच्या सरकारने १८३१ मध्ये हे चित्र ३००० फ्रँकला घेतलं, थोडे दिवस लावलं, मग आत टाकलं आणि शेवटी चित्रकारालाच परत दिलं. साहजिक आहे, बॅरिकेडमुळे गादीवर आलेल्याला लोकांनी पुन्हा बॅरिकेड रचायला नको होते, आणि जून १८३२ मध्ये पॅरिसमध्ये ते पुन्हा रचले गेलेच. चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात लागलं १८७४ मध्ये. देलाक्रवा १८६३ मध्येच गेला होता, आणि हे मला दरवेळी सांगताना लागतं.