टिंब

काल रात्री पावणेअकराला सानूचा फोन. मी दूध विरजत होते. "आत्या, तू चिडून राहिलीस का आमच्यावर?"

म्हटलं, कशावरून गं? तर म्हणे, "तू टिंब दिलंस."

मी लिहिलं होतं, 'बरं. मी येईन.' सहा अक्षरं. त्यावर तिकडे राजेंद्रनगरात वहिनीचं तोंड उतरलं, दादा फोन घेऊन गच्चीत गेला, आणि शेवटी या पोरीला विचारायला लावलं. कुणाला वाटलं नाही की आपण हिला चाळीस वर्षं ओळखतो. टिंबाची साक्ष जास्त खरी.

सानूनं मग समजावलं. वाक्य पाठवलं की ते संपतंच, त्याच्यावर परत टिंब म्हणजे तोंडावर दार लावून घेतल्यासारखं. ती स्वतः 'आत्या', 'ऐक ना', 'उद्या', 'फोन कर' असं चार तुकड्यांत पाठवते, चारदा टिंग होतं, मी चारदा चष्मा शोधते. त्यात राग नाही म्हणे, माया आहे. वर अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठाचा २०१५ सालचा एक अभ्यासही धाडला. १२६ विद्यार्थ्यांना मेसेज वाचायला दिले. एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं की ते कमी मनापासूनचं वाटलं. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र तसं काही दिसलं नाही. म्हणजे मी कामवालीच्या हाती चिठ्ठी पाठवली असती तर काल सगळे नीट जेवले असते.

पण मी टिंब सोडू कशी? शाळा हिंदी माध्यमाची, तिथे खडी पाई. घरी आईची मराठीची वही. मी तिथेही उभी रेघ ओढायची, आणि आई ती खोडून लाल पेन्सिलीनं इतकं दाबून टिंब द्यायची की पानाच्या मागे फोड उठायची. "वाक्य उघडं टाकू नये." आता ती नाही, आणि तिनं लावलेलं वळण म्हणजे माझा उद्धटपणा.

तसं टिंबही आपलं कुठलं! मोडीत विरामचिन्हं नव्हतीच, शब्दसुद्धा एकाला एक चिकटलेले. मेजर कँडीनं १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं, मग हळूहळू रुळली. होळकरांचे कारकून टिंबावाचून कारभार करून गेले, त्यांना कुणी रात्री फोन केला नाही.

बावीस वर्षं चैत्रातलं हळदीकुंकू माझ्याकडे, रामबागेत. यंदा तिकडे. माझे गुडघे म्हणे. विचारलं नाही, कळवलं. पण तो मुद्दा नाही.

मुद्दा हा, की मी चिडले नव्हते.

आत्ता परत उघडून पाहिलं. 'बरं. मी येईन.' एरवी मी 'हो गं, येते, काय काय आणू?' असं लिहिते. पहिलं टिंब आईचं, ते मान्य. दुसरं जरा दाबून दिल्यासारखं दिसतंय. फोनवर दाबून देता येत नाही, तरी.

जाऊ दे. सकाळी लिहिलं, 'डाळ मी वाटून आणते, कैरी तिकडेच किसू'. टिंब आपोआप पडलं, पुसलं. परत पडलं, परत पुसलं. साडीला पिन न लावता बाहेर पडल्यासारखं वाटलं, पण पाठवलं. सानूचे लगेच तीन बदाम आले. वहिनीनं पन्ह्याचा फोटो टाकला.

दुपारी दादाचं उत्तर आलं. 'ठीक है।'

हिंदीत. खडी पाई, चांगली उभी. आता हा चिडलाय की शाळेतलं वळण?