ताबोला मी दुसऱ्या खेपेला पोचले

चार वर्षांपूर्वी हिमाचलमधल्या स्पितीच्या खोऱ्यात पहिल्यांदा गेले ती मनालीहून. सकाळी निघालो ते दोन हजार मीटरवरून, दुपारी साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंड ओलांडली आणि संध्याकाळी काझात. एका दिवसात एवढं उंच चढल्याने रात्री डोकं असं ठणकायला लागलं की उशीवर टेकवता येईना, पाण्याचा घोटही पोटात राहीना. दोन दिवस पडून काढले आणि खाली उतरले. ताबोचा बौद्ध मठ काझाहून ५० किलोमीटरच्या आत होता. तो न बघता परतल्याचं दुःख मला फार दिवस पुरलं.

यंदा आईला घेऊन गेले. ती ६६ वर्षांची आहे, त्यामुळे आधी डॉक्टरांकडे जाऊन तिचा रक्तदाब वगैरे दाखवून आलो. या वेळी वाट धरली ती सिमल्याची. लांब आहे, पण हळूहळू चढते. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायच्या जागेची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. एक रात्र सिमल्यात, एक सराहनला. तिथलं लाकूड आणि दगडाच्या थरांचं भीमाकाली मंदिर आईने उन्हात बसून निवांत बघितलं. कल्पाला मुद्दाम दोन रात्री राहिलो. आई म्हणाली, "अगं, नुसतं बसायला का एवढ्या लांब आणलंस?" तरी बसली बिचारी. पुढच्या दिवशी साडेतीन हजार मीटरच्या वरच्या नाकोला थांबून जुनी देवळं पाहिली, पण मुक्कामाला खाली, ३,२८० मीटरवरच्या ताबोत आलो. वाटेत सुमदोच्या नाक्यावर ओळखपत्र दाखवावं लागतं. परदेशी पाहुण्यांना मात्र वेगळा परवाना लागतो.

ताबो बाहेरून बघितलं तर मातीच्या बुटक्या भिंती, बस. पश्चिम तिबेटमधल्या गुगे राज्याचा राजा येशे ओ याने इ. स. ९९६ मध्ये हा मठ उभारला, आणि तेव्हापासून इथे पूजा चालू आहे. लामाजींनी मुख्य मंदिराचं कुलूप काढलं. आत मिट्ट काळोख. मी लगेच टॉर्च काढला, तर ते म्हणाले, "दो मिनट रुकिए, आँख खुल जाएगी."

थांबलो. आधी छताच्या झरोक्यातून पडलेला उजेडाचा एक पट्टा तेवढा दिसला. मग भिंतीवर एक गुडघा. मग वर उचललेला हात, त्याची वेगवेगळी बोटं. आणि मग एकेक करत चारही बाजूंनी मातीच्या मूर्ती पुढे आल्या, भिंतीपासून सुटून हवेत बसल्यासारख्या. मध्यभागी वैरोचन बुद्धाच्या चार मूर्ती, पाठीला पाठ लावून चार दिशांना बघणाऱ्या. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. एका मूर्तीच्या कोपराजवळ भेग गेली होती, तिच्यात मातीत कालवलेला भुसा दिसत होता. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हातांनी मळलेली माती! वर भिंतींवरच्या चित्रांवरून पाण्याचे करडे ओघळ उतरलेले. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, या भरवशावर ही मातीची छपरं घातलेली आहेत. पडला की तो थेट चित्रांवर येतो. आत फोटो काढायला बंदी आहे. तरी आमच्या मागून आलेल्या एकाने फ्लॅश मारलाच, आणि मला खरंच वाईट वाटलं. ९९६ सालच्या मंदिरात माणसाने मोबाईल खिशात ठेवावा, एवढंच मागणं आहे.

१९७५ च्या भूकंपात इथलं बरंच नुकसान झालं, म्हणून आता रोजची प्रार्थना शेजारच्या नव्या मंदिरात होते.

दुसऱ्या दिवशी धनकर. स्पितीची जुनी राजधानी, पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर सुळक्याला चिकटलेला मठ. खालचा कडा झिजतोय, आणि २००६ मध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने तो धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घेतला होता. जिन्याच्या पायऱ्या इतक्या उभ्या की आई खालीच थांबली. मी दर दहा पावलांना श्वास घेत वर गेले. डोकं दुखलं नाही.

काझाला निघायच्या आधी आईने विचारलं, "ताबोला परत जाऊन यायचं का गं, फक्त त्या अंधारात बसायला?" ड्रायव्हरभैयांनी गाडी वळवली.