साओ पाउलो: लीना बो बार्दींच्या इमारती, बांधल्या त्या क्रमाने

ब्राझीलमधल्या साओ पाउलोला जाणाऱ्यांना पहिला सल्ला हाच, की वास्तुकार लीना बो बार्दींच्या इमारती बांधल्या गेल्या त्याच क्रमाने बघा. बहुतेक जण मेट्रोला सोयीचं म्हणून आधी पाउलिस्ता रस्त्यावरचं कलासंग्रहालय गाठतात आणि उरल्या वेळात बाकीचं उरकतात. मग परक्या देशातून आलेली एक बाई हळूहळू इथली कशी होत गेली, हे हाती लागतच नाही.

लीना रोमच्या, जन्म १९१४ चा. मिलानमध्ये काम सुरू केलं, पण १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं ऑफिस गेलं. १९४६ मध्ये कलासमीक्षक पिएत्रो मारिया बार्दींशी लग्न झालं आणि त्याच वर्षी दोघं जहाजाने ब्राझीलला आले. वृत्तपत्रांचे मालक असीस शातोब्रियां यांनी पिएत्रोंवर नव्या कलासंग्रहालयाची जबाबदारी सोपवली आणि मुक्काम कायमचा झाला. १९५१ मध्ये लीनांनी ब्राझीलचं नागरिकत्व घेतलं. त्याच वर्षी मोरुंबी भागातलं त्यांचं घर पूर्ण झालं, ते म्हणजे 'काझा दे विद्रू', काचेचं घर.

सुरुवात इथून करा. पुढचा भाग बारीक खांबांवर उचललेला, तीन बाजूंना काच, मधल्या चौकातून वर गेलेलं झाड. या भागात युरोपातून शिकून आलेली लीना स्पष्ट दिसते. मागचा भाग मात्र जाड भिंतींचा, जमिनीवर टेकलेला. घर बांधलं तेव्हा टेकडी उघडी होती. आता झाडी इतकी वाढली आहे की रस्त्यावरून घर दिसतही नाही. पाहायला आधी बुकिंग लागतं आणि ते आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच मिळतं, म्हणून सहलीचे बाकीचे दिवस याच्याभोवती आखा. जवळ मेट्रो नाही आणि रस्ते चढाचे आहेत; ॲपवरून टॅक्सी करावी.

मग कलासंग्रहालय, सगळे त्याला 'मास्प' म्हणतात. मेट्रोच्या हिरव्या मार्गावर त्रियानों-मास्प स्थानक, बाहेर पडलं की समोरच. ही इमारत १९६८ मध्ये खुली झाली. चार खांब, वरचं सगळं त्यांना टांगलेलं, खाली ७४ मीटरचा मोकळा पट्टा. जागा देताना अट होती की इथून शहराच्या मध्यभागाचं दृश्य अडता कामा नये. लीनांनी ती अट पाळून शहराला छपराखालचं एक मैदानच देऊन टाकलं. रविवारी पाउलिस्तावर गाड्या बंद असतात. बाहेरून बघायला तोच दिवस उत्तम. आत जायला मंगळवार निवडा, प्रवेश मोफत असतो, पण वेळ ऑनलाइन राखून ठेवा. सोमवारी बंद. वरच्या दालनात चित्रं भिंतीवर नाहीत. काँक्रीटच्या ठोकळ्यात रोवलेल्या काचेवर ती उभी आहेत आणि चित्रकाराचं नाव मागच्या बाजूला आहे. आधी चित्र बघा, नाव नंतर, असा लीनांचा आग्रह. १९९६ मध्ये हे काचेचे स्टँड काढून टाकले होते, २०१५ मध्ये परत आणले. पाउलिस्तावर फोन हातात धरून चालू नका, हिसकावून नेतात.

काचेचं घर आणि मास्प यांच्या मधली काही वर्षं लीना ब्राझीलच्या ईशान्येला साल्वादोर शहरात होत्या. तिथल्या 'सोलार दो उन्याओं' या जुन्या वाड्यात त्यांनी केलेला लाकडी जिना खिळ्यांशिवाय, बैलगाडीच्या सांध्यांच्या पद्धतीने जोडलेला आहे. साल्वादोरला विमानाने जावं लागतं, पण हे पाहिलं की पुढचं काम समजतं. १९६४ च्या लष्करी उठावानंतर त्यांना तिथलं काम सोडावं लागलं.

साओ पाउलोत सगळ्यात जास्त वेळ 'सेस्क पोंपेया' या सांस्कृतिक आणि क्रीडा केंद्रासाठी ठेवा. माझ्या मते ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी. १९७७ मध्ये पिंपांचा एक जुना कारखाना त्यांच्या हाती आला. तिथे सुटीच्या दिवशी मुलं खेळताना आणि कुटुंबं जमलेली त्यांनी पाहिली आणि ठरवलं, हे असंच राहिलं पाहिजे. कारखाना पाडला नाही. विटांच्या शेडमध्ये वाचनालय, नाट्यगृह, कार्यशाळा आल्या. पाण्याची एक वळणदार पट्टीही. जमिनीखालून बंदिस्त ओढा जात असल्याने त्यावर बांधायला बंदी होती. म्हणून दोन्ही बाजूंना काँक्रीटचे मनोरे उभे केले आणि हवेतल्या पुलांनी जोडले. एका मनोऱ्यात एकावर एक खेळाची मैदानं, त्यांच्या खिडक्या म्हणजे गुहेसारखी वेडीवाकडी भोकं, काच नाही. ओढ्यावरच्या लाकडी फळ्यांवर लोक ऊन खात पडलेले असतात. आजोबा बुद्धिबळ खेळतात, मुलं पाण्यात हात घालतात, कुणी कुणाला हटकत नाही. काचेच्या घरातली लीना इथे पूर्ण ब्राझीलची झालेली आहे.

प्रवेश मोफत, सोमवारी बंद. बार्रा फुंदा स्थानकावरून बस किंवा टॅक्सी घ्या. दुपारचं जेवण तिथल्याच भोजनालयात करा, स्वस्त आणि चांगलं. शाकाहारींनी 'सेम कार्ने' म्हणजे मांसाशिवाय असं सांगावं आणि राजम्यासारख्या उसळीत डुकराचं मांस आहे का, हे विचारून घ्यावं. चीजचे गोळे, 'पाओं दे केजू', कुठेही मिळतात.

मुंबईहून अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे जाता येतं. व्हिसा आधी काढावा लागतो. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि तिचं प्रमाणपत्र जपून ठेवा; परत येताना भारतात ते मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. जून ते ऑगस्ट तिथे थंडी आणि कोरडी हवा असते, पायी फिरायला हाच काळ चांगला. स्वेटर मात्र न्या.