उशी कोपराखाली हवी होती

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘खांद्याचं हाड मोडलं होतं तेव्हा झोपेच्या गोळ्या न घेता झोपायचात कशा?’ ज्यांच्या घरात नुकतंच कुणी पडलेलं असतं, ते हमखास विचारतात.

पहिले दहा दिवस मी झोपतच नव्हते. दिवसा माणसं येत-जात, फोन वाजत, दुखणं विसरायला होई. दिवा मालवला की मी आणि खांदा, दोघेच जागे. त्यात झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी तोच खांदा जास्त ठणके. हे मनाचे खेळ नव्हेत. अपुऱ्या झोपेने दुखणं सोसायची ताकद खरोखरच कमी होते.

मला सोडवलं ते उशांनी. उताणी पडले की दंड गादीत मागे जायचा, खांदा ओढला जायचा आणि कळ मानेपर्यंत. मी उशी खांद्याखाली कोंबत होते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ती काढून दंडाखाली, कोपरापर्यंत सरकवली आणि विचारलं, “मान न उचलता कोपर दिसतंय का?” दिसत होतं. “मग बरोबर आहे.” पाठीला उशांचा उतार, अर्धवट बसल्यासारखं, गुडघ्यांखाली आणखी एक. त्या रात्री सलग तीन तास झोपले. पाय मोडलेल्यांचं वेगळं: पाऊल छातीपेक्षा उंच, म्हणजे सूज उतरते, उशी पोटरीखाली आणि टाच अधांतरी, नाहीतर टाचेलाच जखम व्हायची.

वेदनाशामक गोळी मात्र मी घेतली. ‘नैसर्गिक’ या शब्दापायी डॉक्टरांनी दिलेली गोळी टाळायची आणि रात्रभर कण्हत बसायचं, हा हट्ट मला पटत नाही. डॉक्टरांना विचारून रात्रीची गोळी झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेऊ लागले, एवढंच.

बाकीचं किरकोळ, पण उपयोगी. दुपारनंतर कॉफी बंद. तिचा निम्मा अंमल पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दुपारची दोन तासांची झोप अर्ध्या तासावर आणली, ते फार जड गेलं. सकाळी उजेडात बसायचे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवलं, कारण तीन वाजलेत हे कळून कुणाचं भलं झालंय?

तरी झोप नाहीच आली तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मग पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा. ही युक्ती एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांची, जवळजवळ शंभर वर्षं जुनी. दुखरा भाग वगळायचा असतो. मी एकदा विसरले आणि अख्खं घर जागं केलं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून खुर्चीत बसावं म्हणतात. गळ्यात झोळी अडकवलेल्या माणसाला उठणं म्हणजे केवढा सोहळा, पण तळमळण्यापेक्षा बरं.

बोटं बधिर किंवा निळसर झाली, ताप आला, पोटरी सुजून दुखू लागली, तर उशा बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

सातव्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तेव्हा मी कुशीवर होते. चांगल्या कुशीवर. कोपराखालची उशी खाली जमिनीवर पडली होती, आणि ती कधी पडली याचा मला पत्ताच नव्हता.