रुजू होण्याआधी आयआयएससी पाहून यावी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, म्हणजे आयआयएससीत, यंदा मला जीवविज्ञानाच्या एकात्मिक पीएच.डी. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तेव्हा घरात सर्वांचे म्हणणे असे पडले की ऑगस्टमध्ये जायचेच आहे, तर त्याआधी वेगळी खेप कशाला. तरीही जुलैच्या सुरुवातीला बाबांना बरोबर घेऊन मी संस्था पाहून आले, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी असे एकदा जाऊन यावेच, असे माझे आता ठाम मत झाले आहे. रुजू होण्याच्या दिवशी माणूस कागदपत्रे, शुल्क आणि वसतिगृहाची खोली यांतच इतका गुंतलेला असतो की ज्या प्रयोगशाळांत पुढची कितीतरी वर्षे काढायची, त्यांच्याकडे बघायलाही सवड राहत नाही, असे तिथल्या वरच्या वर्गातल्या मुलींनीही सांगितले.

सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांसाठी मिरजेवरून जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सर्वांत सोयीची आहे. दुपारी निघालेली ही गाडी बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूरला पोहोचते. तिकीट शेवटच्या स्थानकापर्यंत न काढता यशवंतपूरपर्यंतच काढावे, कारण संस्था तिथून अगदी जवळ आहे आणि गर्दीच्या मुख्य स्थानकावर सामान घेऊन उतरण्याचा त्रास वाचतो. मुंबई, पुणे आणि सोलापूरच्या मंडळींना उद्यान एक्सप्रेस आहे. विमानाने येणाऱ्यांनी मात्र विमानतळ शहरापासून 30 किलोमीटरहून अधिक दूर आहे हे धरून वेळेचा हिशेब करावा.

रिक्षावाल्याला ‘आयआयएससी’ म्हटल्यावर कळले नाही, तर ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणावे. जुन्या बंगळूरकरांच्या तोंडी संस्थेचे हेच नाव आहे, आणि ते सार्थही आहे. जमशेटजी टाटांनी या संस्थेसाठी आपल्या मालमत्तेचा मोठा भाग देऊ केला, म्हैसूर संस्थानाने 371 एकर जमीन दिली आणि 1909 मध्ये संस्थेची स्थापना झाली. जमशेटजी स्वतः 1904 मध्येच गेले होते. मुख्य इमारतीसमोर 1922 मध्ये उभारलेले त्यांचे स्मारक आहे. त्याच्यामागे करड्या दगडाची, मधोमध उंच मनोरा असलेली इमारत दिसते, जिची छायाचित्रे मी शाळेत असल्यापासून पाहत आले आहे. तिचे वास्तुरचनाकार सी. एफ. स्टीव्हन्स हे मुंबईचे, आणि आपल्या बोरीबंदर स्थानकाची इमारत उभारणारे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स हे त्यांचे वडील, हे कळल्यावर बाबा त्या दगडी कमानींकडे बराच वेळ निरखून पाहत राहिले. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कामही 1945 मध्ये मुंबईला हलण्यापूर्वी इथेच सुरू झाले होते.

प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक चौकशी करतात, म्हणून प्रवेशपत्राची छापील प्रत आणि आधार कार्ड हाताशी ठेवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या विभागात जायचे आहे, तिथल्या कार्यालयाला आठवडाभर आधी ईमेल करून भेटीची वेळ मागून घ्यावी आणि त्या उत्तराची प्रतही बरोबर असू द्यावी. संस्था सर्वांसाठी खुली असते तो ‘ओपन डे’ वर्षातून एकदाच येतो. त्या दिवशी शाळकरी मुलांची प्रचंड गर्दी असते आणि प्रात्यक्षिके बघायला मजा येते, पण प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने कामाच्या दिवशीच जावे. प्रयोगशाळा रोजच्या कामात असताना कशी असते, हे तेव्हाच कळते.

मी जीवरसायनशास्त्र विभागात गेले. आमच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला वेगवेगळ्या प्रयोगशाळांत थोडे थोडे दिवस काम करून मग मार्गदर्शक निवडायचा असतो, त्यामुळे या भेटीत मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो संशोधक विद्यार्थ्यांशी बोलण्याचा. प्राध्यापकांना अवश्य भेटावे, त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचून जावे. पण खरे प्रश्न विद्यार्थ्यांना, शक्य तर प्रयोगशाळेबाहेर चहा घेताना विचारावेत. मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, प्रयोग फसला तर काय म्हणतात, पहिला शोधनिबंध यायला साधारण किती काळ लागतो, इथून आधी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कुठे आहेत, मध्येच कोणी प्रयोगशाळा सोडली असेल तर का सोडली, हे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तो बाजूला ठेवावा. मला सर्वांनी मोकळेपणाने उत्तरे दिली. एका प्रयोगशाळेबद्दल माझे मत जाण्याआधी फारच चांगले होते, ते त्या बोलण्यानंतर बदलले. आणि जिचा मी विचारही केला नव्हता, ती आता माझ्या यादीत सर्वांत वर आहे.

तिथल्याच एका दालनाच्या दारावर सूक्ष्मदर्शकाच्या वेळापत्रकाचा कागद चिकटवलेला होता. महागडी उपकरणे अनेकांना वापरायची असल्याने तास वाटून घ्यावे लागतात. त्या कागदावर रात्री 11 ते 2 आणि 2 ते 5 या रकान्यांत निळ्या-काळ्या शाईने नावे लिहिलेली होती, काही खोडून पुन्हा लिहिलेली, आणि त्यांतली निम्मी मुलींची होती. मी तिथे थबकले, कारण याच विभागात 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, शिकायला आल्या होत्या. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या मुलीला केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले. पण त्या या ओळखीवर विसंबल्या नाहीत, सत्याग्रहाच्या निर्धाराने संचालकांपुढे उभ्या राहिल्या. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडता कामा नये. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरानंतर रामन यांचे समाधान झाले आणि मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. 1939 मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मराठी मुलींनी इथे जाताना हा इतिहास वाचून जावा, असे मला मनापासून वाटते. त्या अटींचा अपमान त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवला होता. आपणही तो विसरू नये.

राहण्यासाठी मल्लेश्वरम किंवा यशवंतपूर भागात खोली बघावी; पालक बरोबर असतील तर मल्लेश्वरम अधिक चांगले, कारण तिथे देवळे, बाजार आणि जेवणाची सोय पायी फिरण्याच्या अंतरावर आहे. सीटीआरचा लोण्याचा डोसा आणि वीणा स्टोअर्सची इडली यांची कीर्ती खरी आहे. संध्याकाळी पाऊस आणि गारवा असतो, म्हणून छत्री आणि पातळ स्वेटर हवाच. परिसर मोठा आणि झाडीचा असल्याने सायकलीवाचून चालत नाही. नवी घेण्याची घाई करू नये, अभ्यासक्रम संपवून जाणारे विद्यार्थी आपल्या सायकली विकतात, त्यांच्याकडे आधी चौकशी करावी.

आता कागदपत्रांबद्दल, कारण या भेटीत कार्यालयात बसून मी ती एकेक करून तपासून घेतली. ही केंद्र सरकारच्या अखत्यारीतली संस्था असल्याने इतर मागासवर्गीय (नॉन-क्रिमी लेयर) आणि आर्थिक दुर्बल घटक यांची प्रमाणपत्रे केंद्राच्या नमुन्यातली लागतात. आपल्याकडे महाविद्यालयीन प्रवेशासाठी काढलेले प्रमाणपत्र बहुधा राज्याच्या नमुन्यातले असते, ते इथे चालत नाही. सेतू केंद्रात अर्ज देतानाच ‘केंद्राच्या नमुन्यात’ असे स्पष्ट सांगावे आणि प्रमाणपत्र हातात पडल्यावर चालू आर्थिक वर्षाचा उल्लेख आहे का, नावाचे स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आहे का, हे तिथेच उभे राहून पाहावे. तहसील कार्यालयात जून-जुलैमध्ये दाखल्यांसाठी झुंबड असते, त्यामुळे निवड होईल की नाही याची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज केलेला बरा. पदवीच्या अंतिम वर्षाचा निकाल उशिरा लागणार असेल, तर प्राचार्यांचे तसे पत्र घेऊन संस्थेला आधीच कळवावे. स्थलांतर प्रमाणपत्रासाठी निकालाच्या दिवशीच विद्यापीठाकडे अर्ज करावा, आणि मूळ प्रमाणपत्र जमा करण्यापूर्वी त्याच्या साक्षांकित प्रती काढून एक संच घरी आई-वडिलांकडे ठेवावा.